कॉन्डर, कोथळा आणि तांब्याची गोळी

कैबाब_पठार (धागाकर्ता)

उत्तर ॲरिझोनात मार्बल कॅन्यनवर नवाहो ब्रिज आहे. १९२९ साली खुला झालेला जुना पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे आणि त्याच्या कठड्यावरून पाहिले की सुमारे १४० मीटर खाली कोलोरॅडो नदी दिसते. पुलाखालच्या पोलादी तुळयांवर कॅलिफोर्निया कॉन्डर येऊन बसतात. उत्तर अमेरिकेतला हा सर्वांत मोठा उडणारा पक्षी आहे. त्याच्या पंखांचा विस्तार जवळजवळ तीन मीटर आणि वजन आठ ते दहा किलो असते. गेल्या नोव्हेंबरात मी तिथे उभा असताना एक पक्षी इतक्या जवळून गेला की पिसांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकू आला आणि पंखावरच्या बिल्ल्याचा क्रमांक दुर्बिणीशिवाय वाचता आला. मोकळ्या फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॉन्डरला असा क्रमांक असतो, कारण या पक्ष्यांना पुन्हा पुन्हा पकडून त्यांच्या रक्तातले शिसे तपासावे लागते. रानातल्या पक्ष्याला रक्ततपासणीचे वेळापत्रक असावे, ही गोष्ट मला त्या दिवसापासून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा धागा.

१९८२ साली जगात २२ कॉन्डर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडण्यात आला, आणि तेव्हा पृथ्वीवरचे सर्वच्या सर्व २७ कॉन्डर पिंजऱ्यात होते. सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस येथील प्राणिसंग्रहालयांत पैदास झाली, १९९२ पासून कॅलिफोर्नियात पक्षी सोडण्यात येऊ लागले आणि डिसेंबर १९९६ मध्ये ॲरिझोनातल्या व्हर्मिलियन क्लिफ्सवरून सहा तरुण पक्षी उडाले. आज एकूण संख्या ५०० च्या वर गेली आहे व त्यांतले निम्म्याहून अधिक मोकळे आहेत. मात्र मोकळ्या पक्ष्यांच्या ज्या मृत्यूंचे कारण निश्चित करता आले, त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास मृत्यू शिशाच्या विषबाधेने झालेले आहेत. कॉन्डर सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर वीण करतो, एका वेळी एकच अंडे घालतो आणि बहुधा दोन वर्षांतून एकदाच. अशा पक्ष्याच्या जातीला प्रौढांचे मृत्यू परवडत नाहीत.

हे शिसे येते कुठून? शिकारी हरीण मारतो, जागेवरच त्याचे पोट फाडून कोथळा काढतो आणि मांस घेऊन घरी जातो. कोथळ्याचा ढीग रानातच राहतो आणि मढ्यांवर जगणारा कॉन्डर तो खातो. शिशाची गोळी मऊ असल्यामुळे हाडामांसात शिरताना फुटते आणि तिचे अतिबारीक कण जखमेच्या वाटेपासून वीतभर आणि त्याहूनही दूर उडतात. शिशाच्या गोळ्यांनी मारलेल्या हरणांचे व त्यांच्या कोथळ्यांचे एक्स-रे पेरेग्रीन फंड या संस्थेच्या संशोधकांनी काढले, तेव्हा २० पैकी १८ कोथळ्यांत धातूचे कण सापडले. ती छायाचित्रे मी पाहिली आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर पिठूळ चांदणे पसरावे तसे ते कण दिसतात, आणि त्यांतले बरेचसे इतके बारीक असतात की खाणाऱ्या पक्ष्याला, किंवा माणसालाही, ते दाताखाली वा चोचीखाली जाणवणार नाहीत.

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कॉन्डरच्या प्रदेशापुरता कायदा केला. तो १ जुलै २००८ पासून लागू झाला. पुढे २०१३ मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे बंदुकीने कोणताही वन्यप्राणी मारताना शिशाची गोळी वापरता येत नाही. ॲरिझोनाने कायदा केला नाही. तिथल्या वन्यजीव खात्याने २००५ पासून कैबाब पठारावर शिकारीचा परवाना मिळालेल्यांना शिसेविरहित, म्हणजे तांब्याची, काडतुसे मोफत देण्यास सुरुवात केली, आणि ज्यांनी शिसे वापरलेच त्यांनी कोथळा पिशवीत भरून तपासणी नाक्यावर आणून द्यावा, म्हणून सोडतीत बक्षिसे ठेवली. आता तिथले दहापैकी आठ-नऊ शिकारी या ना त्या मार्गाने यात सहभागी होतात. दोन्ही वाटांविषयी इथल्या जाणकारांचे मत मला हवे आहे.

वैद्य_विदर्भ

मी पशुवैद्यक आहे, म्हणून आधी शरीरातल्या भागाविषयी लिहिते. गिधाडवर्गातल्या पक्ष्यांचे जठराम्ल अतिशय तीव्र असते. सडलेल्या मांसातले जंतू त्यात मरतात, ही त्यांची मोठी ताकद आहे, पण तेच आम्ल शिशाचा कण विरघळवते. विरघळलेल्या शिशाला शरीर कॅल्शियम समजते आणि त्याला मज्जातंतूंत, रक्तात व हाडांत शिरू देते. मज्जातंतू निकामी झाले की अन्ननलिकेची हालचाल थांबते, गळ्यातली अन्नपिशवी भरलेली राहते आणि अन्न पुढे सरकतच नाही. पक्षी भरल्या अन्नपिशवीने उपाशी मरतो. पंख लोंबू लागतात, विष्ठा हिरवी होते, उभे राहता येत नाही. हाडांत साठलेले शिसे तर वर्षानुवर्षे तिथेच राहते.

यावर चिलेशन हा उपचार आहे. कॅल्शियम ईडीटीए टोचले की ते शिशाला बांधून मूत्रावाटे बाहेर काढते. परंतु त्यासाठी पक्षी वेळेत हाती लागावा लागतो, दिवसांमागून दिवस टोचावे लागते आणि पिंजऱ्याचा ताण वेगळाच. मोकळ्या पक्ष्यांपैकी किती जणांवर हे करावे लागते, याचा काही आकडा आहे का?

कैबाब_पठार

@वैद्य_विदर्भ, आकडा आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. कॅलिफोर्नियातल्या पक्ष्यांच्या अनेक वर्षांच्या रक्तनमुन्यांवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर वर्षी सुमारे २० टक्के मोकळ्या पक्ष्यांच्या रक्तात उपचार करावे लागतील इतके, म्हणजे डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळत होते. तुलनेसाठी सांगतो की अमेरिकेत लहान मुलांच्या बाबतीत ३.५ मायक्रोग्रॅमलाच लक्ष घालण्याची पातळी मानले जाते.

त्याच अभ्यासातले एक गणित मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एक कॉन्डर वर्षभरात कितीतरी मढी खातो. समजा, दर २०० मढ्यांपैकी केवळ एकात शिसे आहे. तरीही दहा वर्षांत प्रत्येक पक्ष्याच्या पोटात किमान एकदा शिसे जाण्याची शक्यता ८५ ते ९८ टक्के निघते. शिवाय कॉन्डर एकटा जेवत नाही. एका मढ्यावर दहा-पंधरा पक्षी जमतात, म्हणजे एका गोळीने अख्खा थवा विषाच्या तोंडी जाऊ शकतो. ॲरिझोनातल्या शिकाऱ्यांनी मनापासून केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे, पण नव्वद टक्के सहभाग या गणितापुढे अपुरा पडतो. उरलेल्या दहा टक्क्यांतले कोथळे पक्ष्याला वेगळे ओळखता येत नाहीत. आणि हे पक्षी पुढे युटामध्ये झायनच्या डोंगरांकडेही जातात, जिथे शिकाऱ्यांना सवलतीची कुपने देण्याची योजना नंतर सुरू झाली.

शंकासमाधान

चर्चा चांगली चालली आहे, परंतु मला एक प्रामाणिक शंका आहे. शिसे जुन्या रंगांत असते, खाणींच्या परिसरात असते, पूर्वी पेट्रोलमध्येही होते. मग दोष बंदुकीच्या गोळीलाच कसा द्यायचा? आणि गोळीच कारणीभूत असेल, तर शिकारीवर सरळ बंदी घालणे अधिक सोपे नाही का? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती घातलीच आहे.

कैबाब_पठार

शंका रास्त आहे. शिशाची समस्थानिके, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, असतात आणि त्यांचे परस्पर प्रमाण प्रत्येक स्रोतात थोडे निराळे असते. काडतुसांतल्या शिशाचे प्रमाण आणि कॉन्डरच्या रक्तातल्या शिशाचे प्रमाण ताडून पाहिले, तेव्हा विषबाधा झालेल्या बहुसंख्य पक्ष्यांत ते काडतुसांशी जुळले. याच तपासणीत काही पक्ष्यांचे प्रमाण वेगळे निघाले आणि शोध घेतल्यावर तो स्रोत कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल्स भागातल्या वणवा-टेहळणी मनोऱ्यावरचा जुना रंग असल्याचे कळले. म्हणजे रंगाचे शिसे असते तेव्हा ही पद्धत ते रंगाचे म्हणून ओळखून दाखवते, म्हणूनच गोळीविषयीचा तिचा निष्कर्ष मला विश्वासार्ह वाटतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. कॉन्डर स्वतः शिकार करत नाही. हिमयुगातले महाकाय प्राणी गेले, नंतर अमेरिकेतल्या बायसनचे कळप गेले, आणि आज शिकाऱ्याने मागे ठेवलेला कोथळा हा त्याच्या खाद्याचा मोठा भाग आहे. शिकार बंद केली तर ताटच काढून घेतल्यासारखे होईल. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरच्या उत्पादन कराचा पैसा, काडतुसांच्या बाबतीत ११ टक्के, राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. ज्या खात्याने कैबाबवर तांब्याची काडतुसे वाटली, तेही याच व्यवस्थेवर उभे आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की शिकारी राहू द्यावा, कोथळाही राहू द्यावा, फक्त गोळीचा धातू बदलावा.

उत्तरेचे_अरण्य

मी मिनेसोटात राहतो आणि गेली बारा वर्षे हरणांची शिकार करतो. मराठी घरात वाढलेल्या माणसाने असे लिहिल्यावर काही वाचकांना खटकेल, हे मला ठाऊक आहे. आमच्या फ्रीजरमधले वर्षभराचे मांस याच हंगामातले असते, आणि हा प्रश्न मी शिकाऱ्याच्या बाजूने पाहतो.

माझी पहिली आठ वर्षे शिशाच्या गोळीची होती. बदल झाला तो पक्ष्यांमुळे नव्हे, मुलीमुळे. आमच्या शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते व गरिबांसाठीच्या अन्नकेंद्रांना ते मांस वाटू नका, असे सांगण्यात आले होते. ते मला फार उशिरा कळले. दुसऱ्या एका तपासणीत ३० हरणांचे मांस नेहमीच्या खाटकांकडून कापून घेऊन खिम्याच्या २३४ पाकिटांचे एक्स-रे काढले, तेव्हा ३२ टक्के पाकिटांत धातूचे कण निघाले. मी जखमेभोवतीचे मांस नेहमी कापून टाकत असे आणि तेवढे पुरेसे आहे, अशी माझी खात्री होती. मुलीला मी सहा वर्षांची होईपर्यंत ते मांस भरवले आहे. याची खंत मला आजही वाटते.

आता तांत्रिक भाग. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि प्रत्येक नळीला ती मानवतेच असे नाही. एक पायरी कमी वजनाची गोळी घ्यावी, आधी नळीतला जुना थर घासून स्वच्छ करावा आणि हंगामापूर्वी नेमबाजीच्या मैदानावर दोन-तीन प्रकार झाडून पाहावेत. तांब्याची गोळी फुटत नाही. तिचे तोंड पाकळ्यांसारखे उमलते आणि वजन जवळजवळ संपूर्ण टिकते. पण उमलण्यासाठी तिला वेग लागतो, म्हणून फार लांबून नेम धरू नये. चार हंगामांत माझे एकही हरीण जखमी होऊन निसटलेले नाही. किंमत जास्त आहे, हे खरे. मात्र हंगामात प्रत्यक्ष प्राण्यावर मी दोन-तीनच गोळ्या झाडतो, तेव्हा हा फरक पेट्रोलच्या खर्चातही जाणवत नाही.

खरी अडचण पॉइंट टू-टू या लहान काडतुसांची आहे. शेतकरी त्याने बिळातल्या खारी मारतात आणि मढी जागेवरच सोडतात. या मापात शिसेविरहित काडतूस दुकानात क्वचित मिळते, मिळाले तर महाग असते आणि नेमही तितका अचूक लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी आधी या दुकानाच्या फळीकडे पाहायला हवे होते, असे मला वाटते.

कैबाब_पठार

@उत्तरेचे_अरण्य, आपण हे इतके मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला शेवटचा मुद्दा कॅलिफोर्नियात अगदी खरा ठरला. २००८ मध्ये लागू झालेल्या कायद्यानंतर पहिल्याच वर्षी तिथल्या सोनेरी गरुडांच्या आणि टर्की व्हल्चर या गिधाडांच्या रक्तातले शिसे लक्षणीय घटल्याचे नमुन्यांत दिसले, म्हणजे बंदीचा उपयोग होतो. कॉन्डरच्या बाबतीत मात्र तशी घट दिसली नाही. रानडुकरे, खारी आणि कोल्ह्यांसारखे कायोटी मारणाऱ्या पशुपालकांना पर्यायी काडतूस हाताशी नव्हते. पुढे त्या राज्यात काडतुसे केवळ परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घेण्याचा नियम आला आणि दूरच्या रँचवर ती मिळवणे आणखी कठीण झाले. बिग सरच्या किनाऱ्यावर कॉन्डर सांभाळणारी व्हेंटाना वाइल्डलाइफ सोसायटी २०१२ पासून स्वतःच पशुपालकांना मोफत शिसेविरहित काडतुसे देते. मला हे सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

आपल्या राज्यातल्या गरुडांविषयीही लिहाल का?

उत्तरेचे_अरण्य

लिहितो. सेंट पॉल येथील मिनेसोटा विद्यापीठाच्या रॅप्टर सेंटरमध्ये हरणांच्या हंगामात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शिशाने आजारी पडलेले बाल्ड ईगल मोठ्या संख्येने येतात. देशभराचे चित्र २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. ३८ राज्यांतले १,२१० बाल्ड ईगल व सोनेरी गरुड तपासले, त्यांतल्या बाल्ड ईगलपैकी ४६ टक्के आणि सोनेरी गरुडांपैकी ४७ टक्के पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या विषबाधेइतके शिसे होते. बाल्ड ईगलची संख्या वाढते आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्या वाढीचा वेग शिशामुळे ३.८ टक्क्यांनी रोखला गेला, असे त्या अभ्यासाने दाखवले.

आणखी एक गोष्ट. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे संपूर्ण अमेरिकेत १९९१ पासून बंद आहेत. तेव्हाही शिकार संपेल, बंदुका खराब होतील, असे जुने शिकारी म्हणत होते. आज पोलादी छऱ्यांविषयी कोणी तक्रार करत नाही. २०१७ च्या जानेवारीत संघराज्याच्या वन्यजीव सेवेने आपल्या जमिनींवर शिसे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा आदेश काढला होता. सरकार बदलले आणि मार्चमध्येच तो मागे घेण्यात आला. अशा आदेशांकडे अनेक शिकारी बंदुका काढून घेण्याची पहिली पायरी म्हणून पाहतात. त्यांना परकेपणाने समजावून उपयोग होत नाही, शिकाऱ्यानेच शिकाऱ्याला सांगावे लागते.

ओखोत्स्क_किनारा

नोकरीच्या निमित्ताने मी होक्काइदोमध्ये सहा वर्षे राहिले. तिथे हिवाळ्यात रशियाकडून स्टेलर सी ईगल येतात. काळसर अंग, पांढरे खांदे आणि पिवळीधमक अवजड चोच असलेला हा गरुड समुद्रातल्या बर्फावर बसलेला पाहणे हा माझ्या आयुष्यातला मोठा ठेवा आहे. १९९० च्या दशकात तिथे सिका हरणांची शिकार वाढली आणि गरुड मासे सोडून हरणांच्या अवशेषांवर येऊ लागले. ते शिशाने मरू लागल्यावर होक्काइदोने २००० साली हरणांसाठी शिशाच्या रायफल गोळ्यांवर आणि नंतर इतर शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. तरीही मृत गरुड मिळत राहिले, कारण बाहेरच्या प्रांतांतून येणारे शिकारी शिसे घेऊन येत. अखेर २०१४ मध्ये तिथे अशा गोळ्या शिकारीच्या वेळी जवळ बाळगण्यासही मनाई झाली. वापरावर बंदी असेल तर गोळी झाडताना पाहणारा कोणी लागतो. बाळगण्यावर बंदी असेल तर पिशवी तपासली की पुरते. @कैबाब_पठार, कायद्याची भाषा कशी असावी, यासाठी हा अनुभव उपयोगी पडेल.

सह्यकडा

मी रायगड जिल्ह्यात राहतो आणि म्हसळा-श्रीवर्धन भागातल्या गिधाडांच्या घरट्यांवर अनेक वर्षे लक्ष ठेवून आहे. धाग्यात पेरेग्रीन फंडचे नाव आले म्हणून सांगतो. आपली गिधाडे गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने मरत आहेत, हा शोध याच संस्थेशी संबंधित संशोधकांनी पाकिस्तानातल्या पंजाबात काम करून लावला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गोळी, इथे इंजेक्शन. दोन्हीकडे विष मढ्यातूनच येते आणि एका मढ्यावर अनेक पक्षी जमतात, म्हणून फार थोडी मढी विषारी असली तरी घात होतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली, ती याच गणिताने.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅक हेही गिधाडांना घातक असल्याने २०२३ मध्ये त्यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध गावातल्या दुकानात त्याच किमतीला मिळू लागल्यावर मात्र आमच्या भागात शेतकऱ्यांशी बोलणे सोपे झाले. आजारी बैल समोर उभा असताना कोणी गिधाडाचा विचार करावा, अशी अपेक्षा मी कधी केली नाही.

वैद्य_विदर्भ

@सह्यकडा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. एक व्यवहारातला प्रश्न राहिला. ज्याने शिशाचीच गोळी वापरली आहे आणि जवळ तपासणी नाका नाही, त्याने कोथळ्याचे काय करावे? पुरला तर चालेल का?

उत्तरेचे_अरण्य

उथळ पुरलेला कोथळा कायोटी आणि अस्वले रात्रीत उकरतात, आणि सकाळी तो पक्ष्यांसाठी उघडाच असतो. पिशवीत भरून घरी न्यावा व कचऱ्यात टाकावा, हाच भरवशाचा उपाय आहे. ते शक्य नसेल तर खोल पुरून वर मोठे दगड रचावेत. मी स्वतः शिसे वापरत होतो तेव्हा यांतले काहीच केले नाही.

तांब्याची गोळी असेल तर कोथळा उघड्यावरच ठेवावा. मागच्या हंगामात मी तो ओढ्याकाठच्या मोकळ्या जागी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाआडून पाहिले, तेव्हा त्यावर डोमकावळे, एक प्रौढ बाल्ड ईगल आणि अजून डोके पांढरे न झालेला एक तरुण ईगल होता. दुपारी परत गेलो, तर गवत तेवढे दबलेले होते.